नेपल्समध्ये पिझ्झा कुठे खावा : जुन्या पिझ्झेरियांचा एक अनुभव

नेपल्सच्या जुन्या भागातील विया देई त्रिबुनाली हा रस्ता इतका अरुंद आहे, की दोन माणसे बोलत उभी राहिली तर मागून येणाऱ्या स्कूटरला थांबावे लागते. वरच्या मजल्यांवर कपडे वाळत असतात, खाली मोठमोठ्याने गप्पा चाललेल्या असतात, आणि जेवणाची वेळ झाली की थोड्या थोड्या अंतरावर जळत्या लाकडाचा वास येऊ लागतो. या शहरात वाईट पिझ्झा मिळणारच नाही, अशी समजूत करून घेऊन मी आईसह तिथे चार दिवसांसाठी गेलो होतो. ही समजूत पहिल्याच संध्याकाळी चुकीची ठरली.

प्रवासाने थकलो असल्यामुळे आम्ही बंदराजवळच्या, सोयीच्या वाटलेल्या एका हॉटेलात शिरलो. दाराशी उभा असलेला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्यांना आग्रहाने आत बोलावत होता, आणि मेनूकार्डावर पाच भाषांत पदार्थांची नावे व प्रत्येकाचे छायाचित्र होते. पिझ्झापासून लसान्यापर्यंत आणि बर्गरपासून माशांपर्यंत सर्व काही तिथे मिळत होते. समोर आलेला पिझ्झा कडेला वातड होता, चीज थंड होऊन घट्ट झाले होते, आणि टोमॅटोला टोमॅटोची चव नव्हती. आईने अर्धा खाऊन ताट बाजूला सारले. दुसऱ्या दिवसापासून मी एकच गोष्ट पाहायची ठरवली : जिथे कमी पदार्थ मिळतात आणि भट्टी दारातून दिसते, तिथेच बसायचे. उरलेल्या तीन दिवसांत या निकषाने आम्हाला एकदाही दगा दिला नाही.

त्याचे कारण नेपल्सच्या पिझ्झाच्या घडणीतच आहे. पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढ्यावरच कणीक तयार होते, तिच्यात तेल किंवा तूप जात नाही, आणि ती अनेक तास फुगू दिली जाते. गोळा लाटण्याने लाटत नाहीत. बोटांनी मध्यापासून कडेकडे दाबत नेतात, त्यामुळे आतली हवा काठात जमते आणि भट्टीत तोच काठ टम्म फुगतो. युरोपीय संघाने 2010 मध्ये या पिझ्झाच्या पारंपरिक पद्धतीला जे संरक्षण दिले, त्याच्या नियमांनुसार पिझ्झाचा व्यास 35 सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावा, भट्टीच्या तळाचे तापमान सुमारे 485 अंश सेल्सिअस असावे आणि पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत भाजून निघावा. एवढ्या थोड्या वेळात चूक सुधारायला वाव नसतो. सगळे कसब हातात असते. पिझ्झा करणाऱ्या कारागिरांच्या याच कलेला युनेस्कोने 2017 मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. भट्टीजवळच्या कारागिराला आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "भाकरी थापणाऱ्या बाईचा हात असाच चालतो, बघ."

विया चेझारे सेर्साले या छोट्या रस्त्यावरील 'दा मिकेले' ही पिझ्झेरिया 1870 पासूनची आहे. इथे मेनूकार्ड वाचण्यात वेळ जात नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या तिची ओळख दोनच पिझ्झांवर उभी आहे : मार्गेरिता आणि मारिनारा. दारात क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची आणि बाहेर रस्त्यावर थांबायचे, अशी पद्धत आहे. क्रमांक इटालियनमध्ये पुकारला जातो, म्हणून जाण्यापूर्वी शंभरापर्यंतचे इटालियन आकडे कानांवरून घालून घ्यावेत, असे मी आवर्जून सुचवीन. आत संगमरवरी टेबले आहेत, शेजारी अनोळखी माणसे बसू शकतात, आणि खाऊन झाल्यावर रेंगाळण्याची पद्धत नाही. ज्यांना निवांत बसून गप्पा मारत जेवायचे आहे, त्यांनी ही जागा निवडू नये. ज्यांना पिझ्झा म्हणजे नेमके काय हे समजून घ्यायचे आहे, त्यांनी ती चुकवू नये.

पहिल्यांदा खाणाऱ्याला एक गोष्ट खटकते, ती आधीच सांगतो. या पिझ्झाचा मधला भाग ओलसर आणि मऊ असतो; सुरीने तुकडा कापून उचलला तर टोक खाली लोंबते आणि टोमॅटोचा रस ताटात सांडतो. आपल्याकडच्या कुरकुरीत पिझ्झाची सवय असलेल्या माणसाला तो कच्चा राहिला असे वाटते. तो कच्चा नसतो. काठावर मात्र करपल्यासारखे काळे ठिपके असतात, आणि तो काठ तोडला की आतून जाळीदार, हलका आणि किंचित आंबूस वासाचा निघतो. हा काठ ताटात टाकून देणे म्हणजे त्या कारागिराची अर्धी मेहनत टाकून देणे आहे.

शाकाहारी वाचकांसाठी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. मारिनारा या नावात समुद्र असला तरी नेपल्सच्या मारिनारावर मासे नसतात. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल एवढेच असते, चीजही नसते. म्हशीच्या दुधाचे मोझ्झारेला आणि पार्मेझान ही दोन्ही चीज वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने विरजतात, त्यामुळे काटेकोर शाकाहारी माणसाने मारिनाराच घ्यावा. बेकऱ्यांत मिळणारी ताराल्ली नावाची मिरी घातलेली कडक बिस्किटे आणि पापुद्र्यांची स्फोल्यातेल्ला ही मिठाई यांत परंपरेने डुकराची चरबी असते, आणि ती पाहून किंवा चाखून ओळखता येत नाही. आईने मारिनारा खाल्ला तेव्हा सुरुवातीला तिला चीजशिवायचा पिझ्झा अपुरा वाटला; दोन घासांनंतर तिने टोमॅटोबद्दल विचारले. वेसुव्हियसच्या परिसरातील ज्वालामुखीच्या मातीत पिकणारा टोमॅटो गोड आणि आंबट असा एकदमच लागतो, आणि चीज नसल्यामुळे ती चव झाकली जात नाही. माझ्या मते पिझ्झेरिया पारखायची असेल, तर मारिनारा हीच खरी कसोटी आहे.

विया देई त्रिबुनालीवर 1935 पासूनची 'सोर्बिलो' आहे आणि तिथून थोडे पुढे 1936 पासूनची 'दी मात्तेओ'. सोर्बिलोमध्ये निवड अधिक आहे, पिझ्झा ताटाबाहेर येईल एवढा पसरट असतो, आणि कुटुंबाने एकत्र बसायला ही जागा अधिक सोयीची आहे. दी मात्तेओमध्ये 1994 च्या जी-7 परिषदेच्या वेळी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन पिझ्झा खाऊन गेले होते. पण मला तिथे जावेसे वाटले ते रस्त्याकडेच्या काउंटरमुळे. तिथे मिळणारा 'पिझ्झा आ पोर्ताफोल्यो' आकाराने लहान असतो, दोनदा दुमडून कागदात देतात, आणि तो उभ्याउभ्याच खायचा असतो. ती चार पदरी घडी हातात घेताच आई हसली, कारण ती हुबेहूब आपली घडीची पोळी होती. दुमडल्यामुळे रस आतच राहतो, काठाच्या फुगीर भागाला धरले की हात भाजत नाही, आणि किंमतही बसून खाण्यापेक्षा बरीच कमी पडते.

तळलेला पिझ्झा खायचा असेल तर मातेर्देई भागातील 1901 पासूनच्या 'स्तारिता'पर्यंत जाण्याचे कष्ट घ्यावेत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात, भट्टीचा पिझ्झा परवडेनासा झाला तेव्हा, घराच्या दारातच कढई मांडून बायका पिझ्झा तळून विकू लागल्या, आणि आज खा, पैसे आठ दिवसांनी द्या, अशी उधारीही चालत असे. स्तारिताचा मोंतानारा हा पिझ्झा आधी तळून, वर टोमॅटो व चीज घालून मग भट्टीत जातो. बाहेरून हलका कुरकुरीत आणि आतून कापसासारखा लागतो. सारण भरलेल्या तळलेल्या पिझ्झात मात्र डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. ते नको असल्यास मागवतानाच स्पष्ट सांगावे.

बिलात 'कोपेर्तो' नावाची माणशी छोटी रक्कम दिसली तर ती फसवणूक समजू नये. टेबलाची आणि पावाची ती रीतसर आकारणी आहे, आणि मेनूकार्डावर ती लिहिलेली असते. रांग टाळायची असल्यास दुकान उघडण्याच्या अर्धा तास आधी पोहोचावे, आणि काही जुन्या पिझ्झेरिया रविवारी बंद असतात हे लक्षात ठेवावे.

शेवटच्या दुपारी सामान बांधून झाल्यावर गाडीला दीड तास होता. कुठे जायचे हे मी आईला विचारले. तिने दा मिकेलेचे नाव घेतले, आणि चिठ्ठीवरचा आकडा यावेळी तिनेच ऐकून ओळखला.