बियाशारा स्ट्रीटवर शिवलेलं कांग्याचं जाकीट

नैरोबीत येऊन 6 वर्षं झाली, पण कांग्याचं काही शिवून घेतलं ते आत्ताच. ऑफिसातली 23 वर्षांची सहकारी मला बियाशारा स्ट्रीटवरच्या तिच्या नेहमीच्या शिंप्याकडे घेऊन गेली.

कांगा म्हणजे स्वाहिली किनाऱ्यावरचं सुती कापड, विकतात जोडीनं. भोवतीचा काठ ‘पिंडो’, मधली नक्षी ‘म्जी’ आणि खाली छापलेली ओळ ‘जिना’, म्हणजे नाव. तिची आजी हेच कमरेला गुंडाळायची, लेकरू पाठीशी बांधायची. नातीला त्याचंच झिपवालं जाकीट हवं, खाली जीन्स आणि स्नीकर्स. पण जिना पाठीवर अख्खं वाचता आलं पाहिजे, त्यावर तडजोड नाही! शिंप्याशी ती ‘शेंग’ या नैरोबीच्या मिश्र बोलीत घासाघीस करत होती. स्वाहिली, इंग्रजी, किकुयू, सगळं एकाच वाक्यात. तिला यात काहीच सोडावं लागलेलं नाही, हे बघून मला फार बरं वाटलं.

माझ्या कापडावर होतं, ‘हराका हराका हाइना बराका’. घाईघाईत बरकत नाही. आपलीच बरकत इथे भेटली आणि मी तिथल्या तिथे कापड घेऊन टाकलं.

शिलाई पक्की, खिसे खोल, ओळ बरोब्बर मध्यभागी. अस्तर मात्र पातळ आहे, आणि पहिल्या धुण्यात लाल रंग उतरला, तेव्हा वेगळंच भिजवा. माप द्यायला सकाळी लवकर जा, दुपारनंतर शिंप्याला मान वर करायला फुरसत नसते.