झुळुकीची सोय असलेला छताचा पंखा

पुण्यातल्या तपकीर गल्लीतून बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या) मोटरचा, १२०० मिलिमीटर मापाचा छताचा पंखा घेतला, तो मुख्यतः रिमोटवरच्या ‘झुळूक’ या बटणासाठी. ते दाबले की वेग आपोआप कमी-जास्त होत राहतो. कल्पना योग्य आहे, कारण झुळूक येते आणि जाते. एकाच जोराने वाहत राहतो तो नुसता वारा. मात्र एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर तापलेल्या पुण्यात संध्याकाळी पश्चिमेकडून जो वारा सुटतो, त्याची सर या पंख्याला नाही. ठरावीक वेळाने तोच चढ आणि तोच उतार येतो, आणि एकदा ते ध्यानात आले की झोपायचे सोडून माणूस पुढच्या चढाची वाट पाहू लागतो.

बाकी पंखा उत्तम आहे. पहिल्या वेगावर भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे पान जेमतेम हलते, तर पाचव्यावर ते फडफडून खिळ्यावरून निसटू पाहते. साधा पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॅट वीज घेतो, हा तिसाच्या आसपास. सर्वांत वरच्या वेगाला ‘वादळ’ म्हटले आहे, ती निव्वळ जाहिरातबाजी. वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफोर्ट मापनश्रेणीत वादळाची दहावी पायरी ताशी ८९ किलोमीटरपासून सुरू होते, आणि तसा वारा दिवाणखान्यात कोणालाच नको असतो. पंखा बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून तेथे साधे बटण लावून घ्यावे लागते. त्याची मजुरी किमतीत धरलेली नाही.