घर लहान आणि पोरगी पळती: निकॉनची ३५ एमएम १.८ दोन वर्षं वापरून

आमची पुढची खोली साडेदहा बाय अकरा. त्यात मधोमध झोपाळा, कारण बडोद्यात घर कितीही लहान असो झोपाळा पाहिजेच, आणि एकच खिडकी तीही गल्लीत उघडणारी, समोर दुसऱ्याची भिंत. दांडिया बाजारातली जुनी घरं ज्यांनी बघितलीयेत त्यांना उजेडाचं वेगळं सांगायला नको. या खोलीत माझ्या मुलीचे, चिऊचे, फोटो काढायचे म्हणून मी तीन लेन्सा केल्या, त्यातली तिसरी टिकली, तिच्याबद्दल लिहितोय.

कॅमेरा निकॉन डी ५६००, सोबत आलेली १८-५५ झूम लेन्स. ही किट लेन्स वाईट नाहीये, कमाटीबागेत सकाळी नऊ वाजता तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. पण घरात ३५ च्या आसपास झूम ठेवला की ती एफ साडेचारच्या पुढे उघडतच नाही (एफ म्हणजे उजेड आत घेणाऱ्या भोकाचं, ॲपर्चरचं, माप; आकडा लहान तेवढं भोक मोठं), मग आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, चढत चढत ६४०० ला जातो आणि पोरीच्या गालावर रवा सांडल्यासारखा दिसतो. आयएसओ कमी केला तर शटर तीसावर, म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागावर, येतो आणि फोटोत चिऊच्या जागी एक गुलाबी ढग. १.८ ची लेन्स म्हणजे याच्या सहापट उजेड, म्हणजे जिथे ६४०० लागत होते तिथे हजारात काम होतं. एवढं गणित कळलं आणि मी निघालो लेन्स घ्यायला.

पहिली घेतली ती चुकली. सगळे सांगतात फिफ्टी घे फिफ्टी घे, म्हणून एका जुन्या सामानाच्या दुकानात ५० एमएम १.८ डी मिळाली, दुकानदार म्हणाला जूनी छे पण काच एकदम चोख्खो, आणि काच खरंच चोख होती. घरी येऊन लावली तर ऑटोफोकसच होईना. डी मालिकेतल्या त्या लेन्समध्ये मोटरच नसते, ती कॅमेऱ्यातल्या मोटरवर फिरते, आणि डी ३००० वाले, डी ५००० वाले जे आपल्यासारख्यांचे कॅमेरे आहेत त्यांच्यात ती मोटर दिलेलीच नाही. परत घ्यायला दुकानदार तयार नाही. चूक माझीपण होती म्हणा, नावापुढचं अक्षर बघायला हवं होतं. तुम्ही तरी बघा: जुनी घेत असाल तर एएफ-एस लिहिलेलं असलं पाहिजे, म्हणजे लेन्समध्येच मोटर आहे. हाताने फोकस करून बघितला काही दिवस, आई झोपाळ्यावर बसून पोथी वाचत असेल तर जमतो, दोन वर्षांच्या पोरीवर नाही जमत.

मग ऑफिसातल्या एकाने त्याची ५० एमएम १.८ जी दिली महिनाभर वापरायला. तिच्यात मोटर आहे, फोकस होतो, आणि फोटो? फोटो असे की पहिल्या दिवशी मी सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. मागचं सगळं लोण्यासारखं वितळलेलं, डोळे लख्ख. आत्याचा लगेच फोन, स्टुडिओत गेला होतात का रे. आठवडाभर छान वाटलं. मग बायको म्हणाली, "अहो, यात आपलं घर कुठेय? ही कुणाच्याही घरात बसलेली असू शकते." आणि ते खरं होतं. वीसेक फोटोत नुसता चेहरा. झोपाळ्याची कडी नाही, आईचं लुगडं नाही, भिंतीवर खडूने काढलेला तिचा हत्ती नाही.

कारण सोपं आहे. आपल्या या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान, त्यामुळे ५० ची लेन्स ७५ सारखी वागते. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि चिऊ सात फुटांवर असली तर ५० मध्ये जेमतेम सव्वातीन फूट रुंदीचं मावतं. ३५ मध्ये तेच पावणेपाच फूट. दीड फुटाचा फरक ऐकायला किरकोळ, पण त्या दीड फुटात आजी बसते. आणि लहान मुलं लांब राहतच नाहीत हो, कॅमेरा दिसला की सरळ अंगावर येतात, काचेला बोट लावायला. ५० डी आणि जी दोन्ही दीड फुटाच्या आत फोकसच घेत नाहीत, ३५ एक फुटापर्यंत घेते.

तर शेवटी एएफ-एस डीएक्स निक्कोर ३५ एमएम एफ १.८ जी. २००९ सालची लेन्स आहे, म्हणजे नवीन काही नाही, म्हणूनच सेकंडहँड भरपूर मिळते. वजन २०० ग्रॅम, फिल्टर ५२ चा. मला ओळखीतून साडेआठ हजारांना पडली, हूड आणि पाऊच सकट.

आता झोपाळ्याचं सांगतो, कारण माझ्या सगळ्या प्रयोगांची जागा तीच. चिऊ झोपाळ्यावर, मी समोर जमिनीवर फतकल मारून. ती पुढे येते, मागे जाते, आणि लेन्स तिच्या मागे पळते. एएफ-सी वर (यात फोकस हलत्या माणसाच्या मागे सतत फिरतो) ठेवून, फोकसचा मधला एकच पॉइंट धरून, व्ह्यूफाइंडरला डोळा लावून काढलं तर दहातले सहा-सात शार्प येतात. कडेचे पॉइंट संध्याकाळी भरवशाचे नाहीत, या कॅमेऱ्यात ३९ आहेत पण क्रॉस टाइपचे, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेघा पकडणारे, नऊच, तेही मधे. आणि मागच्या स्क्रीनवर बघून काढायला गेलात तर विसरा, फोकस पुढे-मागे हुंदडत बसतो तोवर पोरगी झोपाळ्यावरून उतरून स्वयंपाकघरात पोचलेली असते. एक युक्ती मात्र हाताला लागली: झोपाळा पुढच्या टोकाला आला की क्षणभर थांबतो आणि मगच उलटा फिरतो, तेवढ्यात बटण दाबायचं. तिथे शटर दोनशेला चालतो, मधल्या वेगात पाचशेही कमी पडतो. ते जमलं ना की केस अजून हवेत पुढे उडालेले आणि चेहरा स्थिर, असा फोटो येतो. आईने तो एक फ्रेम करून देवघराशेजारी लावलाय.

१.८ वर उघडी ठेवायची हौस पहिल्या महिन्यात सगळ्यांना असते, मलाही होती. एक मीटरवरून १.८ ला फक्त सहा सेंटिमीटरभर खोली शार्प राहते, म्हणजे डोळ्यावर फोकस असेल तर कान गेला. एका चेहऱ्याला ठीक आहे. पण पुतण्याच्या मुंजीत मातृभोजनाला मी तसाच १.८ वर ठेवून बसलो, मुंजा एकदम कडक आणि शेजारी एकाच ताटात जेवणारी वहिनी धुक्यात. दहा फोटो, दहाही तसेच. ते क्षण परत येणार आहेत का? वहिनी काही बोलली नाही, पण अल्बममध्ये त्या पानावर काकाने मोबाइलने काढलेला फोटो आहे. आता दोन माणसं दिसली की अंगठा आपोआप चाकावर जातो, २.८ किंवा ४.

खोडी आहेत. उघड्या ॲपर्चरला चमकत्या वस्तूंच्या कडेला जांभळी-हिरवी रेघ येते, चिऊच्या पैंजणावर खिडकीचं ऊन पडलं की स्पष्ट दिसते, २.८ ला बरीच जाते. कडेच्या सरळ रेघा किंचित फुगतात, म्हणून दाराची चौकट फोटोच्या टोकाला घेऊ नका. हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर नाही, पण पळत्या पोरांना त्याचा तसाही काय उपयोग, हात नाही ते हलतायत. आणि एक फुटावर फोकस होतो म्हणून खरंच एक फुटावर चेहरा धरू नका, बटाट्यासारखं नाक येतं, जावयाचा फोटो असेल तर गोष्ट वेगळी.

नवरात्रात सोसायटीच्या गरब्यात पोरांची फेरी काढायलाही हीच नेली. एलईडीच्या दिव्यांनी अर्धा फोटो पिवळा अर्धा काळपट असे पट्टे येत होते, शटर शंभरावर आणला तेव्हा गेले, पण मग चनियाचोळीचे घेर हलले. मला ते हललेलेच आवडले, बायकोला नाही. उत्तरायणला गच्चीवर मात्र ३५ काही कामाची नाही, पतंग ठिपका दिसतो, तिथे किटच.

धाकटा आता नऊ महिन्यांचा. झोपलेला असताना त्याचे फोटो घ्यायला लेन्स उत्तमच, पण कॅमेऱ्याचा तो खटका! दोनदा उठवलाय मी त्याला आणि दोन्ही वेळा शिक्षा म्हणून मीच झोपाळ्यावर दीड तास. क्वाएट मोड वापरा, थोडा दबतो आवाज.

कॅननवाल्यांनी याच हिशोबाने २४ एमएम २.८ एसटीएम बघावी, १२५ ग्रॅमची चकती आहे, उजेड थोडा कमी पण खोलीत मावेल. निकॉनचा झेड मालिकेतला छोट्या सेन्सरचा मिररलेस असेल तर २४ एमएम १.७ आहे.

बाकी ती मोटर नसलेली ५० डी अजून कपाटात कापूर-डांबराच्या गोळ्यांशेजारी पडलीये. डी ९०, डी ७००० किंवा डी ७५०० असेल तर त्यावर मस्त चालेल, त्यांच्यात मोटर आहे. बडोद्यातलं कुणी असेल तर घरी येऊन लावून बघा आणि घेऊन जा, काच खरंच चोख आहे.