सीव्ही जॉइंट : नुसता बूट, नवा जॉइंट की अख्खा ड्राइव्ह शाफ्ट?

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रत्येक ड्राइव्ह शाफ्टला, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याला, दोन सीव्ही जॉइंट (कोन बदलला तरी चाक एकसारखे फिरवणारे सांधे) असतात आणि खर्चाचा विचार करण्याआधी त्यांपैकी कोणता झिजला आहे हे ठरवावे लागते. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी सावकाश चालवताना चाकाच्या गतीबरोबर वाढणारी कटकट ऐकू आली, तर दोष बहुधा चाकाकडच्या जॉइंटमध्ये असतो. सरळ रस्त्यावर वेग घेताना गाडी थरथरत असेल आणि ॲक्सिलरेटर सोडताच ती शांत होत असेल, तर संशय गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर घ्यावा. वेगाबरोबर वाढणारी अखंड घरघर बहुतेकदा व्हील बेअरिंगची किंवा टायरची असते. तिच्यासाठी शाफ्ट बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

बूट (जॉइंटमधले ग्रीस धरून ठेवणारे रबरी आवरण) फाटला आहे, पण आवाज नाही, अशा वेळी नवा बूट आणि ताजे ग्रीस हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. मात्र आधी जुने ग्रीस दोन बोटांत चोळून पाहावे. ते वाळू मिसळल्यासारखे खरखरीत लागले, तर जॉइंट धुऊन गोळ्या आणि त्यांच्या खाचा तपासाव्यात. खाचेत नख अडकेल असा खड्डा असल्यास बूट बदलून काही साधणार नाही. कटकट सुरू झालेल्या जॉइंटला नव्या ग्रीसने चार दिवस उसंत मिळेल, झीज भरून निघणार नाही.

मूळ शाफ्ट सरळ असून त्याच्या स्प्लाइन (टोकांवरचे उभे दाते) शाबूत असतील आणि केवळ चाकाकडचा जॉइंट वाजत असेल, तर चांगल्या बनावटीचा सुटा जॉइंट मला अधिक पसंत आहे, कारण स्वस्तातल्या तयार शाफ्टमध्ये कधी कधी जुन्यात नव्हती अशी थरथर नव्याने सुरू होते. दोन्ही जॉइंट गेले असतील किंवा मजुरी भारी पडत असेल, तर अख्खा शाफ्ट सोयीचा. तो घेताना लांबी, स्प्लाइनची संख्या आणि एबीएस रिंगचे (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेला चाकाचा वेग कळवणाऱ्या कडीचे) दाते जुन्याशी ताडून पाहावेत. शाफ्ट काढताना बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचे ऑइल सांडते, तेव्हा ऑइल सीलही त्याच वेळी बदलून घ्यावा.

कोणताही पर्याय निवडला तरी शाफ्ट काढल्यावर हब नट (शाफ्टचे टोक चाकाच्या हबला धरून ठेवणारा नट) नवा वापरावा आणि तो गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कइतकाच, म्हणजे तेवढ्याच पिळाच्या जोराने, आवळावा. त्याआधी गाडीचे वजन चाकांवर टाकून ती ढकलल्यास बेअरिंग खराब होण्याची शक्यता असते.