पैसे घालायच्या आधी पैसे काढून बघा: तीन गुंतवणूक ॲप वापरल्यावरचा माझा रिव्ह्यू

धाकट्या भावाचा परवा मेसेज आला, "ताई, गुंतवणूक सुरू करायचीये, कुठलं ॲप घेऊ?" त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण मी सुरुवात केली तेव्हा हे सांगणारं कोणी भेटलं नाही, जो तो रिव्ह्यू एकच सांगायचा की अकाउंट पाच मिनिटांत उघडतं. अहो, उघडतं की, सगळ्यांचंच उघडतं! पैसे आत घेताना कुणीच अडवत नाही. चार वर्षांत मी तीन प्लॅटफॉर्म वापरले, दोन सोडले, तिसऱ्यावर आहे. नावं मुद्दाम घेत नाहीये, चार्जेस सारखे बदलतात आणि तुमच्याकडे तेच ॲप असेल असंही नाही, पण बघायच्या गोष्टी सगळीकडे त्याच असतात.

पहिलं ॲप दिसायला फारच देखणं होतं. शेअर घेतला की स्क्रीनभर रंगीत कागदांचे तुकडे उडायचे आणि खरं सांगते, मला ते आवडायचं, आठवड्यातून चार-चार वेळा काहीतरी घ्यावंसं वाटायचं. अमेरिकेतल्या रॉबिनहूड ॲपवर असाच कॉन्फेटी उडायचा, त्यावर खूप टीका झाली आणि २०२१ मध्ये त्यांनी तो काढला, हे मी नंतर वाचलं तेव्हा लक्षात आलं की हे सगळं आपल्याला जास्त वेळा व्यवहार करायला लावतं. नवीन माणसाला नेमकं ते करायचं नसतं, थोडं थोडं घालायचं आणि शांत बसायचं असतं.

पण ते ॲप सोडलं ते वेगळ्याच कारणाने. लॅपटॉप अचानक गेला, नवीन घ्यायचा होता, म्हटलं थोडे युनिट विकून पैसे काढू. खरेदीचं बटण पहिल्याच स्क्रीनवर, हिरवंगार, अंगठ्याएवढं. पैसे काढायचं बटण शोधायला प्रोफाइल, मग सेटिंग, मग खाती, मग सगळ्यात खाली 'इतर'. विक्री झाल्यावर सेटलमेंटला, म्हणजे व्यवहार पुरा होऊन पैसे हातात यायला, एक-दोन दिवस लागतात ते मान्य, तो बाजाराचाच नियम आहे, पण इथे अकरा दिवस नुसतं 'विनंतीवर प्रक्रिया सुरू आहे' दिसत होतं. चॅटवर विचारलं तर ठरलेली तीन उत्तरं फिरून फिरून यायची. शेवटी माणूस भेटला तेव्हा कळलं, बँकेत माझं आडनाव आधी आहे आणि ॲपवर नाव आधी, म्हणून सगळं अडकलंय! पैसे घेताना हे कुणाला दिसलं नाही, आणि अकरा दिवस कुणी स्वतःहून कळवलंही नाही. मला याचा खरंच राग आला, अजून येतो.

दुसरं ॲप घेताना शहाणी झाले होते असं वाटत होतं. शून्य कमिशन, मोठ्या अक्षरात लिहिलेलं. आता शून्य कमिशन ही काही फसवणूक नाही, २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत चार्ल्स श्वाबसारख्या मोठ्या ब्रोकरनेसुद्धा तिथल्या शेअर्सच्या ऑनलाइन व्यवहारांवरचं कमिशन शून्य केलं. पण कंपनीला पगार द्यायचेच असतात, तर ते येतात कुठून हे विचारायला हवं. तुमच्या खात्यात नुसत्या पडून असलेल्या पैशांवर व्याज ते घेतात, परकीय चलन बदलताना दरात थोडं कापतात, काही देशांत तुमची ऑर्डर ज्या मोठ्या व्यापाऱ्याकडे पाठवतात त्याच्याकडून त्यांना पैसे मिळतात, कुठे दरमहा सबस्क्रिप्शन असतं. मी बाहेरच्या देशातला एक फंड घेतला होता, चलन बदलायला जाताना दीड टक्का गेला आणि विकून परत आणताना पुन्हा दीड टक्का. ते लिहिलेलं होतं, नव्हतं असं नाही, चार्जेसच्या पीडीएफमध्ये सहाव्या पानावर. मी पहिलंच पान वाचलं होतं.

तेव्हापासून मी कुठलाही चार्ज बघितला की आधी माझ्या रकमेच्या टक्क्यात करून बघते. दरमहा २५ ऐकायला काहीच वाटत नाही, पण खात्यात ५,००० च असतील तर वर्षाचे ३०० झाले, म्हणजे ६ टक्के, तेवढं तर चांगल्या वर्षातही मिळेलच असं नाही. मोठी रक्कम असणाऱ्याला तोच ठरावीक चार्ज स्वस्त पडतो, म्हणून दुसऱ्याचं 'स्वस्त ॲप' आपल्यालाही स्वस्त असेलच असं नसतं. आणि फंडाचा स्वतःचा खर्च, म्हणजे एक्सपेन्स रेशो, तो तर दरवर्षी जातो आणि बिल म्हणून कधी समोरही येत नाही. भावाला मी फोनवरच कॅल्क्युलेटर उघडायला लावला: १०० घातले, वर्षाला ७ टक्क्यांनी वाढले तर ३० वर्षांनी साधारण ७६१ होतात, खर्चात एक टक्का जाऊन ६ टक्केच उरले तर ५७४. तो दोन मिनिटं काही बोललाच नाही. अमेरिकेत जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये त्यांच्या व्हॅनगार्ड कंपनीतून सामान्य गुंतवणूकदारांसाठी इंडेक्स फंड, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकातलेच शेअर घेऊन ठेवणारा फंड, काढला तो याच हिशोबावर. म्हणून मी प्लॅटफॉर्म बघताना कमी खर्चाचे इंडेक्स फंड तिथे आहेत का हे आधी शोधते, स्वतःचेच महाग फंड पुढे करणारा असेल तर बंद.

सुरक्षिततेचं थोडक्यात सांगते, पण हे वगळू नका. आपल्या देशाच्या नियामकाच्या यादीत कंपनीचं नाव आणि नोंदणी क्रमांक स्वतः जाऊन बघायचा, ॲपमधल्या लिंकवरून नाही, कारण खऱ्या कंपनीच्या नावाने खोटी साइट काढणारे भरपूर आहेत. ग्राहकांचे पैसे आणि शेअर कंपनीच्या पैशांपासून वेगळे ठेवतात का ते विचारायचं. २०११ मध्ये एमएफ ग्लोबल ही ब्रोकर कंपनी बुडाली तेव्हा ग्राहकांच्या पैशांत सुमारे १.६ अब्ज डॉलरची तूट निघाली, लोकांना ते पैसे पुढे मिळाले पण पूर्ण मिळायला दोन वर्षांहून जास्त गेली. नुकसानभरपाईची योजना असली तरी ती कंपनी बुडाल्यावर कामाला येते, शेअर पडल्यावर नाही. आणि उधारीवर व्यवहार, सीएफडी (शेअर प्रत्यक्ष न घेता नुसत्या भावाच्या चढउतारावर लावलेला सौदा) वगैरे जिथे पहिल्याच स्क्रीनवर चमकतंय तिथे नवीन माणसाने थांबूच नये, युरोपच्या नियामकाने २०१८ मध्ये सांगितलं होतं की सीएफडीमध्ये सामान्य लोकांच्या ७४ ते ८९ टक्के खात्यांत तोटा होतो.

आता तिसरं, ज्यावर मी आहे. दिसायला अगदी साधं, राखाडी रंग, काही उडत नाही. चार्जेस एका पानात. ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम आपोआप फंडात जाते, महिनाभर ॲप उघडलं नाही तरी चालतं. वर्षाचा हिशोब एका फाइलमध्ये मिळतो, टॅक्स भरताना त्यात काय घेतलं, कधी, केवढ्याला, किती कापलं सगळं ओळीने दिसतं, पहिल्या ॲपवर हेच मी स्क्रीनशॉट काढून जमवलं होतं. तक्रारीही आहेत. मदतीला माणूस मिळतो पण फक्त ऑफिसच्या वेळेत, ॲप कधी कधी उघडायला खूप वेळ घेतं, आणि सगळे युनिट दुसऱ्या ब्रोकरकडे न्यायचे तर दर फंडामागे चार्ज आहे, तो मला पटत नाही. एकंदरीत पाचपैकी चार देईन.

हे निवडताना मी एकच वेगळी गोष्ट केली होती: खातं उघडल्यावर अगदी थोडे पैसे घातले आणि काहीही न घेता लगेच परत मागवले. किती दिवस लागतात, काही कापतात का, नावाचा घोळ आहे का, मदतीला कोण येतं, सगळं तेव्हाच कळतं, आणि तेव्हा गरज नसते म्हणून जीवही वरखाली होत नाही.

भावाने दोन ठिकाणी असंच करून बघितलं. एकाकडून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पूर्ण रक्कम परत आली. दुसऱ्याकडे आज सहावा दिवस आहे, अजून 'प्रक्रिया सुरू' दिसतंय, आणि काल त्यांचा मेसेज आला तो नवीन ऑफरचा. त्याचा पहिला हप्ता पहिल्या ठिकाणी गेलाय.