शिडी, परांची, झुला की लिफ्ट? नागपुरात उंचीवरच्या कामासाठी काय घ्यावं

"शिडी किती उंचीपर्यंत चालते हो?" एप्रिल लागला की हा प्रश्न सुरू होतो. पावसाळ्याआधी गळती बंद करायची असते, बाहेरून रंग काढायचा असतो, शेडचे पत्रे बदलायचे असतात, आणि सगळ्यांना सगळं मृगाच्या आत हवं असतं. विचारणारे साधारण तीन प्रकारचे. मनीषनगरात दुमजली घर असलेले काका, चार मजली फ्लॅट स्कीमचे सचिव, आणि हिंगणा एमआयडीसीत शेड असलेला लहान कारखानदार. मेंटेनन्सची कामं करवून घेणं हाच माझा धंदा, त्यामुळे तिघंही माझ्याच गळ्यात.

उत्तर मी मीटरमध्ये देत नाही. उलट विचारतो की वर गेल्यावर माणसाचे दोन्ही हात कशात गुंतणार, आणि किती वेळ? बल्ब बदलायला एक हात पुरतो आणि दोन मिनिटं लागतात. भिंतीत ड्रिलनं भोक पाडताना दोन्ही हात मशीनवर असतात आणि मशीन माणसाला मागे रेटते. उंची दोन्हीकडे दहा फूटच, पण साधन एक नाही.

त्याच्याही आधी, चढायची खरंच गरज आहे का ते बघा. लांब दांड्याचा रोलर, खालूनच सोलर पॅनल धुणारा ब्रश, दोरीनं खाली येणारा दिवा, यांनी बरीच कामं जमिनीवरून उरकतात. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही, फक्त कोणी करत नाही.

शिडी आणि घोडी

भिंतीला टेकवायची शिडी हा वर जायचा रस्ता आहे. रस्त्यात बसून कोणी स्वयंपाक मांडत नाही, तसं शिडीवर अर्धा तास उभं राहून भिंत घासायची नाही. गच्चीवर जायला, टाकीचा बॉल कॉक बघायला, पाच-दहा मिनिटांच्या हलक्या कामाला ती उत्तम.

टेकवायचं माप सोपं आहे: चार मीटर वर टेकली तर पाय भिंतीपासून एक मीटर दूर. त्याहून उभी लावली तर माणसासकट मागे येते, जास्त आडवी लावली तर पाय घसरतात. गच्चीवर उतरायचं असेल तर शिडी कठड्याच्या वर मीटरभर निघालेली हवी, म्हणजे उतरताना धरायला काहीतरी राहतं. वरचं टोक बांधा. बांधेपर्यंत खाली एकानं धरून उभं राहावं, आणि धरणाऱ्यानं त्या वेळी मोबाइल खिशात ठेवावा, हे मला दर वेळी सांगावं लागतं.

घोडीचं, म्हणजे उघडून आपापली उभी राहणाऱ्या शिडीचं, दुखणं वेगळं. ती भिंतीच्या आधाराशिवाय उभी राहते म्हणून लोकांना भक्कम वाटते. पण बाजूला झुकलं की ती आडवी होते. माझं स्वतःचं मनगटाचं हाड मोडलं ते मोठ्या बूम लिफ्टवरून नाही, घरातल्या घोडीच्या तिसऱ्या पायरीवरून. कूलरचा पंप बसवत होतो, पाना थोडा लांब पडला होता, उतरून घोडी सरकवायचा कंटाळा केला. बायकोनं दवाखान्यात डॉक्टरांना माझा धंदा काय ते आवर्जून सांगितलं.

घोडी घ्यायची तर वर कठडा असलेला छोटा ओटा आहे अशी घ्या. थोडी महाग आणि जड पडते, पण पोट कठड्याला टेकवून दोन्ही हात मोकळे सोडता येतात. साध्या घोडीच्या अगदी वरच्या पायरीवर उभं राहायचं नसतं, ती तुमच्या गुडघ्यांना आधार म्हणून आहे. वजनाची मर्यादा लेबलवर वाचा. युरोपातल्या ईएन 131 मानकाच्या शिड्यांना ती 150 किलो असते, आणि त्यात माणूस, रंगाची बादली, हत्यारं सगळं आलं. लेबलच नसलेली शिडी स्वस्तात मिळाली तर ती स्वस्त का आहे ते समजून घ्या.

साहित्यातही निवड आहे. ॲल्युमिनियम हलकं, गंजत नाही, पण वीज वाहून नेतं. इतवारी-महालच्या गल्ल्यांत खांबावरून घरात आलेल्या वायरी खिडकीसमोरून जातात, तिथे ॲल्युमिनियमची शिडी मी आणूच देत नाही, फायबरग्लासचीच. ती जड असते, उन्हात वर्षानुवर्षं पडली तर तिचे धागे सुटतात, म्हणून सावलीत ठेवावी. नियमानुसार 11 केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, लाइन इमारतीपासून आडवी 1.2 मीटर आणि वरून 3.7 मीटर दूर हवी. पण नंतर काढलेल्या गॅलऱ्यांनी हे अंतर किती ठिकाणी खाल्लंय ते तुम्हीच आपल्या गल्लीत मान वर करून बघा. अशा ठिकाणी महावितरणकडे अर्ज करून लाइन बंद करून घेणं हेच साधन. फायबरग्लास असो नाही तर लाकूड, 11 केव्हीजवळ शिडीच्या भरवशावर जाऊ नये.

बांबू, लोखंड आणि चाकांचा टॉवर

बांबूला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. विदर्भात बांबू हाताशी आहे, बांधणारे हात तयार आहेत, अरुंद बोळात लोखंडी फ्रेम वळत नाही तिथे बांबू वळतो. बिघडतं ते बांधणीत. सुतळी उन्हात कुजते, पावसात ढिली पडते, बांबूला आतून कीड लागली तर बाहेरून दिसत नाही. आणि वर चालायला बहुधा एकच फळी असते, तीही दोन्ही टोकांना मोकळी. एका मजल्याचं, आठवडाभराचं प्लास्टर असेल आणि बांधणारा जुना असेल तर मी बांबू चालवतो. त्याच्या वर लोखंड.

लोखंडात सेंट्रिंगचं सामान देणाऱ्यांकडे दोन प्रकार मिळतात. एच-फ्रेम सरळ भिंतीला झटपट उभी होते. कपलॉकच्या उभ्या पाइपवर दर 50 सेंटिमीटरला कप असतो, त्यामुळे गॅलरी, छज्जा, कोपरा असं वेडंवाकडं काही असेल तर तो जमवून घेता येतो. रंगकामाला एच-फ्रेम पुरते. भाड्याचा हिशेब करताना लोक फक्त फ्रेम मोजतात आणि फळ्या, कठड्याचे पाइप, क्रॉस, खालचे जॅक "असू द्या, भागवून घेऊ" म्हणून सोडतात. भागवून घेणं म्हणजे दोन फ्रेमवर एक फळी टाकणं. फळ्यांचा पूर्ण थर, कमरेच्या उंचीवर कठडा, मध्ये एक आडवा पाइप, आणि हत्यार खाली पडू नये म्हणून कडेला वीतभर पट्टी, इतकं मिळून ती परांची होते.

नागपूरची खास अडचण जमिनीची. काळ्या मातीत फ्रेमचे पाय पहिल्याच सरीनंतर रुततात, आणि सगळे सारखे रुतत नाहीत. प्रत्येक पायाखाली लोखंडी प्लेट आणि तिच्याखाली दोन पाय सांधणारी जाड लाकडी फळी घाला. अंगणात गट्टू बसवलेत म्हणून निर्धास्त होऊ नका, त्यांच्याखाली सेप्टिक टँक किंवा पाण्याचं टाकं कुठे आहे ते घरमालकाला विचारा. दुसरी अडचण मे महिन्यातल्या वादळाची. दुपारपर्यंत पान हलत नाही आणि चार वाजता धुळीचा लोट येतो. परांचीला लावलेली हिरवी जाळी तेव्हा शिडासारखी फुगते. जाळी लावणार असाल तर ताण, म्हणजे परांची भिंतीला जखडणारे सांधे, वाढवा. कमी ताण आणि पूर्ण जाळी हा सर्वांत वाईट मेळ.

चाकांचा ॲल्युमिनियम टॉवर हॉल, शोरूम, गोदामासाठी मला सर्वांत आवडतो. दोन माणसं तासाभरात उभा करतात, वर ऐसपैस जागा मिळते. बाहेर वापरताना फळीची उंची तळाच्या कमी रुंदीच्या तिपटीच्या आत ठेवा. तळ दीड मीटर असेल तर साडेचार मीटर. जास्त हवी तर बाजूचे तिरके पाय लावा. चाकांना ब्रेक, चढणं आतल्या बाजूनं. आणि वर माणूस असताना टॉवर ढकलायचा नाही. हा शेवटचा नियम सगळ्यांना पाठ असतो, तरी मोडतात. "काहून उतरवून राहिले भाऊ त्याले, दोन फूट तर सरकवायचं हाय!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर न देता खाली उभा राहून वाट बघतो.

झुला

चार मजल्यांपुढे परांचीचा खर्च वाढत जातो आणि ठेकेदार झुल्याचा भाव देतो. झुला म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असतात, कोटेशनमध्ये कोणती आहे ते आधी विचारा. एक, दोरीला बांधलेली लाकडी पाटी, तिच्यावर पेंटर बसतो. दुसरी, मोटरवर चालणारा कठड्याचा प्लॅटफॉर्म.

पाटीच्या झुल्याला दोन दोऱ्या हव्यात. एक बसण्याची, दुसरी जीव वाचवायची, आणि दोन्ही वर वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेल्या. एकच दोरी असेल तर भाव कितीही कमी असो, नको म्हणा. दोरी कशाला बांधली ते सचिवांनी स्वतः टेरेसवर जाऊन बघावं. पाण्याच्या टाकीचा पाइप, डिशचा खांब, विटांचा कठडा यांना बांधलेली दोरी मी सोडवायला लावली आहे. कॉलम किंवा बीमला बांधा, आणि कठड्याच्या धारेवर जाड गोणपाट घाला, नाही तर दिवसभरात दोरी तिथेच कातरली जाते.

मोटरच्या प्लॅटफॉर्मला मागे वजन ठेवतात. ते घट्ट ठोकळ्यांचं हवं. वाळूची पोती ठेवली तर पोतं फाटतं, वाळू गळते, वजन कमी होत जातं आणि कोणाला कळतही नाही. तरीही, बाहेरून रंग आणि क्रॅक भरणं असं लांबणारं काम असेल तर चार मजल्यांपर्यंत मी परांचीच सुचवतो. पैसे जास्त जातात हे खरं, पण परांचीवर सचिव, इंजिनिअर, पेंटर सगळे चढून काम तपासू शकतात. झुल्यावरून केलेलं काम झुल्यावरचाच माणूस पाहतो.

सिझर आणि बूम लिफ्ट

सिझर, म्हणजे कात्रीसारख्या दांड्यांवर उचलला जाणारा प्लॅटफॉर्म, फक्त सरळ वर जाते. खाली मशीन, रॅक, कन्वेयर असं काही आडवं असेल तर तिचा उपयोग नाही. बूम लिफ्ट अडथळ्यावरून हात लांब करून पोचते, म्हणून भाडं जास्त आणि ऑपरेटरही सरावाचा लागतो. वाडीच्या गोदामांत सपाट फरशीवर दिवे, स्प्रिंकलर, केबल ट्रे अशी ओळीनं कामं असतील तर सिझरपुढे काही टिकत नाही.

भाड्यानं घेताना एक गोंधळ नेहमी होतो. "आठ मीटरची लिफ्ट" म्हणजे बहुतेक वेळा काम करायची उंची आठ मीटर, प्लॅटफॉर्म सहा मीटरवर. वरचे दोन मीटर तुमच्या अंगाचे आणि हाताचे धरलेले असतात. वाऱ्याचंही विचारा. बाहेर चालणाऱ्या मशीनना सहसा सेकंदाला 12.5 मीटर, म्हणजे ताशी 45 किलोमीटरची मर्यादा असते. फक्त आत चालवायच्या मशीनची मर्यादा शून्य असते, ती अंगणात आणायचीच नाही.

जेसीबीच्या बकेटमध्ये किंवा फोर्कलिफ्टच्या पॅलेटवर माणूस चढवणं हा पर्याय मी तुलनेत धरतच नाही.

बेल्ट

बेल्ट दिला म्हणजे सोय झाली, असं समजणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं. कंबरपट्टा नको, पूर्ण अंगाचा हार्नेस हवा, त्यावर आयएस 3521 या भारतीय मानकाचा शिक्का बघा. पण मुख्य हिशेब खालच्या मोकळ्या जागेचा. दोरी 1.8 मीटर, झटका शोषणारा भाग उघडून सुमारे 1.75, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड, शिवाय मीटरभर मोकळी जागा. जिथे हुक अडकवला तिथून खाली सहा मीटर झाले. पहिल्या मजल्याच्या छज्ज्यावर उभा माणूस पायाशी हुक अडकवून पडला, तर हार्नेस आवळायच्या आधी तो जमिनीवर असतो. अशा कमी उंचीवर कठडाच लागतो, किंवा कडेपर्यंत पोचूच देणार नाही इतकी आखूड दोरी.

आणि लटकलेला माणूस खाली कसा आणायचा? 108 ला फोन करून वाट बघत बसता येत नाही, हार्नेसचे पट्टे मांड्यांत रुतून रक्त खाली साचतं आणि काही मिनिटांत शुद्ध जाऊ शकते. काम सुरू व्हायच्या आधी शिडी, दोरी, माणूस ठरलेला हवा.

मग कोणी काय घ्यावं

मनीषनगरच्या काकांना: रंगासाठी दोन आठवडे एच-फ्रेम, कठड्यासकट. टाकीवर जायला बांधलेली शिडी. घरात ओट्याची घोडी. सगळं काम सकाळी सहा ते अकरा. मेमध्ये पारा 45 च्या पुढे गेला की लोखंड हाताला चटका देतं आणि भोवळ आलेल्या माणसाला कोणतीच फळी पुरत नाही.

सचिवांना: तीन कोटेशन मागवा आणि प्रत्येकात फळ्या, कठडा, ताण, जाळी वेगळ्या ओळीत लिहून घ्या. सगळ्यांत कमी भावाच्या कोटेशनमध्ये कोणती ओळ गायब आहे ते तेव्हाच दिसतं.

हिंगण्याच्या कारखानदाराला जरा जास्त सांगतो. सिमेंटचा जुना पत्रा आणि उजेडासाठी लावलेला फायबरचा पत्रा यांच्यावर पाय ठेवायचाच नाही. उन्हानं ते ठिसूळ झालेले असतात, आणि धूळ बसली की फायबर कुठला, सिमेंट कुठला, वरून ओळखू येत नाही. शक्य तिथे आतून, खालून, लिफ्टवर उभं राहून पत्रा बदला. वरूनच जावं लागलं तर पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांवर, टेकणाऱ्या रुंद फळ्या, आणि खाली जाळी. बूम लिफ्ट मागवणार असाल तर आधी गेटची रुंदी आणि वरची कमान मोजा. बाहेरचा सिमेंट रस्ता तुमच्या आवारापेक्षा फूटभर उंच झाला असेल तर तो उतार मशीनला झेपेल का, हे फोटो पाठवून भाडेवाल्याला विचारून घ्या. मशीन दारात आल्यावर ती परत पाठवली तरी ट्रेलरचं जाण्यायेण्याचं भाडं तुमच्याच बिलात येतं.