'टच ऑफ ईव्हिल' की 'इन द हीट ऑफ द नाईट'?

जुन्या अमेरिकन गुन्हेगारीपटांत गोऱ्यांखेरीजची माणसं कशी दिसतात ते पाहायचंय आणि हाताशी एकच संध्याकाळ आहे? मग 'इन द हीट ऑफ द नाईट' (१९६७) लावा.

'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) सिनेमा म्हणून मला जास्त आवडतो, हे आधीच कबूल करते. सीमेवरच्या गावातून गाडीतल्या बॉम्बमागे फिरणारा तो तीन मिनिटांहून लांब सलग शॉट आजही श्वास रोखायला लावतो. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने मूळ कादंबरीतली जोडी उलटवली: तिथे नायक अमेरिकन आणि बायको मेक्सिकन, इथे नायक वर्गास मेक्सिकन अधिकारी आणि बायको अमेरिकन. त्या काळात हे धाडसच. पण वर्गास झालाय चार्ल्टन हेस्टन, तोही तोंडाला तपकिरी रंग लावून! मोटेलात बायकोला छळणारी टोळी मात्र मेक्सिकन पोरांची. आणखी एक गोष्ट मला खुपते (शेवट कळायला नको असेल तर पुढचं वाक्य सोडा). खोटा पुरावा पेरणाऱ्या पोलिसाला वर्गास उघडा पाडतो, आणि शेवटी कळतं की ज्याला अडकवलं त्या मेक्सिकन तरुणाने गुन्हा कबूल केलाय.

'इन द हीट ऑफ द नाईट' या नॉर्मन जुइसनच्या चित्रपटात मिसिसिपीतल्या स्पार्टा गावी, स्टेशनवर बसलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाला खुनाच्या संशयावरून उचलतात. तो निघतो फिलाडेल्फियाचा खुनांचा तपास करणारा पोलीस अधिकारी. हा आहे सिडनी पॉइटिये, रंगरंगोटी नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत खऱ्या पॉइटियेच्या जिवाला धोका होता, म्हणून बहुतेक चित्रीकरण इलिनॉयमध्ये झालं. तेव्हा प्रकाशयोजना गोऱ्या कातडीच्या हिशोबाने होत असे. छायालेखक हॅस्केल वेक्सलरने ती पॉइटियेच्या चेहऱ्यासाठी बदलली. त्यामुळे त्याचा गिळलेला राग आपल्याला दिसतो. कापसाच्या मळ्याचा गोरा मालक त्याला थोबाडीत मारतो आणि क्षणाचाही विलंब न लावता पॉइटिये उलटी थोबाडीत देतो. त्या दोन सेकंदांसाठी तरी हा चित्रपट पाहाच.

उणिवा इथेही आहेत. कृष्णवर्णीय स्त्रीला, म्हणजे बिआ रिचर्ड्सला, जेमतेम एक प्रसंग मिळतो. पाच ऑस्करांपैकी अभिनयाचं मिळालं ते गोऱ्या पोलीसप्रमुखाच्या भूमिकेतल्या रॉड स्टायगरला. तो उत्तमच आहे, पण पॉइटियेला नामांकनसुद्धा नव्हतं. ते मला आजही सलतं.

दीड तासही नसेल तर 'द क्रिमसन किमोनो' (१९५९). लॉस एंजेलिसचा जपानी वंशाचा डिटेक्टिव्ह, त्या भूमिकेत जपानी वंशाचाच जेम्स शिगेटा, आणि नायिका त्याच्या गोऱ्या मित्राला सोडून त्याला निवडते. तपास मात्र पातळ आहे.

'टच ऑफ ईव्हिल' दुसऱ्या संध्याकाळी पाहाल तेव्हा १९९८ची आवृत्ती शोधा. वेल्सने स्टुडिओला लिहिलेल्या ५८ पानी टिपणानुसार वॉल्टर मर्चने तिचं पुन्हा संकलन केलंय.